काळजी की ताबा? नववी ते बारावीच्या पोरांना प्रेमातली मारझोड आणि दादागिरी ओळखायला कसं शिकवायचं

आमच्या कोल्हापूरच्या शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे, त्यामुळं पोरांना घरी काही निरोप द्यायचा असला की ऑफिसातल्या फोनवरून लावतात. नववीतली एक मुलगी रोज दोनच्या सुट्टीत यायची, आईला फोन करायचाय म्हणायची, अर्धा मिनिट बोलून ठेवायची. शिपाईमामा म्हणायचे, लई मायेची पोरगी हाय. चार महिन्यांनी कळलं की तो नंबर आईचा नव्हताच, बारावीतल्या एका मुलाचा होता, आणि सुट्टीत फोन आला नाही तर संध्याकाळी क्लासच्या बाहेर तो तिचा हात पिरगाळायचा, कुणाशी बोलत बसलीवतीस म्हणून. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिच्या बाकावरच्या दोघींना हे जूनपासून माहीत होतं. मी विचारलं, अगं मग सांगितलं का नाहीत, तर एक म्हणाली, "मॅडम, आमाला वाटलं तो तिची लई काळजी करतोय."

त्यानंतर मी आणि आमचे पीटीचे सर, दोघांनी मिळून पाच तासांचा एक आराखडा बसवला. तीन वर्षं घेतोय, दरवर्षी काहीतरी मोडतं, परत बसवतो. या तासांचा सगळा भर आम्ही त्या बाकावरच्या दोघींवर ठेवलाय, कारण पोरं आधी मित्राला सांगतात, मग कधीतरी, बहुतेक वेळा कधीच नाही, आपल्याला सांगतात. तुमच्या शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात हे करायचं असेल तर आम्ही कसं करतो ते सविस्तर लिहितेय, चुकांसकट.

आधी शाळा आणि पालक

सुरुवातीलाच एक सांगते, सूचनेत डेटिंग हा शब्द लिहू नका. आम्ही पहिल्या वर्षी लिहिला आणि दोन दिवसांत तीन पालक ऑफिसात हजर. आता 'मैत्री, नाती आणि सुरक्षितता' असं लिहितो. पोरांना बरोबर कळतं कशाबद्दल आहे ते.

मुख्याध्यापकांकडं रिकाम्या हातानं जाऊ नका. महाराष्ट्रात २०२२ पासून प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला पाहिजे असा शासन निर्णय आहे, बऱ्याच ठिकाणी ती फक्त फाईलीत आणि भिंतीवरच्या बोर्डात असते. त्या समितीच्या नावावरच हे तास घ्या, म्हणजे परवानगीचा प्रश्न निम्मा सुटतो आणि समितीलाही काम मिळतं.

पालकसभेत हमखास येणारं वाक्य: "पोरांच्या डोक्यात नाही ते कशाला भरवताय?" यावर मी वाद घालत नाही. रंकाळा तलावावर संध्याकाळी एक चक्कर मारून या, जोड्या दिसतील म्हणते, लोक हसतात, वातावरण जरा सैल होतं. मग शाहू महाराजांची आठवण काढते. १९१९ मध्ये, जेव्हा बाकी देशात हा घरातला मामला समजला जायचा, तेव्हा महाराजांनी करवीर संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. देशाचा घरगुती हिंसाचाराचा कायदा आला २००५ मध्ये. कोल्हापुरात हे सांगितल्यावर सहसा कुणी पुढं बोलत नाही. हे जरा चलाखीचं आहे हे मला मान्य आहे, पण खोटं काही नाही त्यात.

आणि पालकांकडून एकच गोष्ट मागायची, पोरगी किंवा पोरगं स्वतःहून काही सांगायला आलं तर पहिल्याच दिवशी शाळा-क्लास बंद करू नका. पोरी गप्प बसतात त्याचं सगळ्यात मोठं कारण तो मुलगा नसतोच बऱ्याचदा, घरी कळलं की शिक्षण थांबेल आणि स्थळं बघायला लागतील ही भीती असते. त्या मुलाच्या हातात हेच हत्यार असतं. "तुझ्या पप्पांना सांगू का?" एवढं म्हटलं की झालं.

वेळ कधी धरायची? अमेरिकेत या विषयाचा जागृती महिना फेब्रुवारीत असतो. आपल्याकडं फेब्रुवारीत दहावी-बारावीची प्रॅक्टिकलं नाहीतर बोर्डाची परीक्षा, आणि १४ तारखेला पोलिसांच्या गाड्या बागांभोवती फिरत असतात, त्या वातावरणात पोरं काही बोलत नाहीत. आम्ही जुलै ते सप्टेंबर धरतो, आठवड्याला एक तास. सगळं एका दिवसात उरकायचं, पाहुणे बोलवायचे, नारळ फोडायचा, भाषण, आभार, असलं करू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये आठवी-नववीसाठी 'सेफ डेट्स' नावाचा कार्यक्रम बसवला होता, त्यात दहा तास, शिवाय एक नाटक आणि पोस्टर स्पर्धा, आणि चार वर्षांनी बघितलं तरी ज्या मुलांनी तो घेतला होता त्यांच्यात मारझोड कमी दिसली. आम्हाला दहा तास कोण देणार, पाच मिळाले तेच लई झालं.

काय गुपित राहील, काय नाही

हे पहिल्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायचंच. मी पहिल्या वर्षी "तुम्ही मला काहीही सांगा, माझ्याजवळच राहील" असं म्हणून बसले आणि ते सपशेल चुकीचं होतं. २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ वर्षांखालचं कुणीही मूल, मुलगा असो की मुलगी, त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणं ते कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय या कायद्यात १८ च्या आतल्यांची संमती धरत नाहीत. दोघंही सोळा-सतराची, राजीखुशीनं, तरी तो गुन्हाच. हे बरोबर की चूक यावर स्टाफरूममध्ये आमची भांडणं होतात, पण वर्गात जो कायदा आहे तो आहे तसाच सांगायचा, भीती घालायला नाही, त्यांना माहीत पाहिजे म्हणून.

माझं आताचं वाक्य साधारण असं असतं: "तुम्ही मला बरंच काही सांगू शकता आणि मी ते स्टाफरूममध्ये चघळणार नाही. पण कुणाच्या शरीरावर जबरदस्ती झालीय किंवा जिवाला धोका आहे असं कळलं तर मला ते पुढं कळवावं लागतं, मला पर्याय नाही. कळवायच्या आधी मी तुला सांगीन, तुझ्या पाठीमागून काही करणार नाही. आणि फक्त माहिती हवी असेल तर नाव न घेता विचारा." मग पोरं 'माझ्या एका मैत्रिणीच्या मैत्रिणीचं' असं सुरू करतात. चालतंय की.

एक पत्र्याचा डबा ठेवा, वर चीर पाडलेला. प्रत्येक तासाला सगळ्यांनी चिठ्ठी टाकायची, प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' लिहून टाकायची, म्हणजे कोण लिहितंय त्यावर कुणाची नजर राहत नाही. डबा रोज संध्याकाळी उघडायचा, आठवड्यानं नाही. आमच्या डब्यात एकदा "मला जगायचं नाही" अशी चिठ्ठी सोमवारी टाकलेली आणि शुक्रवारी वाचली गेली. ते मूल सुखरूप आहे, पण ते चार दिवस मी अजून विसरले नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर त्या डब्यावरच चिकटवलाय आता.

पहिला तास: दोरी

बाक सरकवायचे, वर्गाच्या मधून एक दोरी टाकायची. एका टोकाला पाटी 'काळजी', दुसऱ्या टोकाला 'ताबा'. मग एकेक वाक्य वाचायचं आणि पोरांनी दोरीवर जिथं वाटतंय तिथं जाऊन उभं राहायचं. आमची काही वाक्यं: घरी पोचलीस की मेसेज टाक. रोज रात्री लाईव्ह लोकेशन चालू ठेवायचं. तो ड्रेस घालू नको, माझे मित्र बघतात. इन्स्टाचा पासवर्ड दे, माझा पण घे. तू त्याच्याशी बोललीस तर मी हाताची नस कापीन. परीक्षेत तुला कमी मार्क पडले म्हणून मी महिनाभर भेटणार नाही, अभ्यास कर.

पासवर्डच्या वाक्यावर दरवर्षी अख्खा वर्ग काळजीच्या बाजूला. एक पोरगी ठामपणे म्हणाली, "मी तर दिलोय पासवर्ड, मला काय लपवायचंय?" (कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, मी आलो, मी दिलो, बाहेरच्यांना नवल वाटतं.) तिला लगेच चूक म्हणायचं नाही. मी विचारलं, बरं, उद्या तू पासवर्ड बदललास आणि त्याला सांगितलं नाहीस, तर काय होईल? ती विचार करायला लागली. "चिडंल." चिडून काय करील? "बोलणार न्हाई." किती दिवस? मग ती दोरीवर दोन पावलं सरकली. कुणी काही सांगितलं नाही तिला, आपली आपण सरकली.

हाच प्रश्न सगळ्या तासांचा कणा आहे. तो किंवा ती काय मागते यावर अडकू नका, नाही म्हटल्यावर काय होतं ते विचारा. काळजी असेल तर नाही म्हटल्यावर थोडं वाईट वाटतं आणि विषय संपतो. ताबा असेल तर नाही म्हटल्याची किंमत मोजावी लागते, रुसवा, शिव्या, धमकी, हात, काही का असेना.

नस कापण्याच्या वाक्यावर वर्ग शांत होतो. तिथं घाई करू नका. कुणी जीव देण्याची धमकी दिली तर ती खरी धरायची, लगेच मोठ्या माणसाला सांगायची, पण त्यासाठी नात्यात अडकून राहायचं नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे पंधरा वर्षांच्या पोराला पटायला वेळ लागतो, आपल्याला तरी कुठं लवकर पटतं.

दुसरा तास: सायकलचं चाक

हिंसा म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर ॲसिड आणि कोयता येतो, बातम्यांतलं. कानाखाली मारली तर ती त्यांच्या हिशोबात हिंसा नसतेच. म्हणून फळ्यावर सायकलचं चाक काढायचं. ही कल्पना मूळची अमेरिकेतल्या डुलुथ गावातली, १९८४ मध्ये तिथल्या मार खाणाऱ्या बायकांशी बोलून त्यांनी सत्ता आणि नियंत्रणाचं एक चाक बनवलं होतं. मधला आस म्हणजे ताबा. आरे म्हणजे तो ठेवायच्या पद्धती: मैत्रिणींपासून तोडणं, चारचौघांत टिंगल, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून टोमणे, फोन तपासणं, पैशाचा हिशोब काढणं, घरी सांगायची धमकी, माझ्यावर प्रेम असेल तर म्हणून जवळीक करायला लावणं. आणि बाहेरची धाव म्हणजे मारहाण, जी सगळे आरे एकत्र धरून ठेवते. एकदाच कानाखाली बसली तरी पुढं नुसत्या नजरेनं काम होतं.

आरे मात्र पोरांनाच भरायला लावा. आमच्या एका तुकडीनं असे आरे सांगितले की जे मला सुचलेच नसते. "दिलेल्या गिफ्टचा हिशोब वहीत लिहून ठेवतोय." "ब्रेकअप केल्यावर तिच्या भावाला रिक्वेस्ट पाठवतोय." एक मुलगा हळूच म्हणाला, "ती मला ग्रुपसमोर चापट्या मारत्या, सगळे हसत्यात." वर्ग तेव्हाही हसला. तिथं थांबायचं आणि विचारायचं, हेच उलट असतं तर हसला असता का? मुलांनाही मार बसतो, मुलांनाही ब्लॅकमेल होतं, आणि मुलाला ते सांगणं जास्त अवघड जातं. मुलगा-मुलगा, मुलगी-मुलगी अशा जोड्याही वर्गात असतात, त्यांना घरी उघडं पाडायची धमकी सगळ्यात भारी पडते, तेव्हा उदाहरणं नेहमी एकाच साच्यातली देऊ नका.

मारल्यानंतर काय होतं तेही सांगा. माफी, रडणं, चॉकलेट, स्टेटसला गाणं, आणि काही दिवस एकदम गोड. मग परत ताण. पोरी या गोड दिवसांनाच खरा तो समजतात.

तिसरा तास: फोन

हा तास कोरडा आणि कामाचा ठेवा. फोटो व्हायरल करीन अशी धमकी आली तर काय करायचं, एवढंच.

घाबरून अकाउंट डिलीट करायचं नाही, पुरावा जातो. धमकीच्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्यायचे, त्यात समोरच्याचं युजरनेम, तारीख, वेळ दिसली पाहिजे, प्रोफाईलची लिंक वेगळी जपून ठेवायची. पैसे द्यायचे नाहीत, आणखी एक फोटो तर अजिबात नाही, एकदा दिलं की मागणी थांबत नाही. फोटो कुणालाही पुढं पाठवायचा नाही, पुरावा म्हणून मॅडमलासुद्धा नाही. १८ च्या आतल्या कुणाचाही तसला फोटो जवळ ठेवणं आणि पुढं पाठवणं दोन्ही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब आणि पोक्सोखाली येतं, ग्रुपवर 'बघ रे' म्हणून ढकलणारा मित्रही त्यात अडकतो. हे वाक्य मुलांच्या बाजूला बघून दोनदा म्हणा.

तक्रार १९३० वर किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर करता येते, मुलांच्या अशा फोटोंची तक्रार तिथं नाव न देताही होते. शिवाय 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे, खास १८ च्या आत काढलेल्या फोटोंसाठी. फोटो आपल्या फोनमधून कुठं जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो आणि इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या ठिकाणी तो ठसा जुळला की फोटो अडवतात. मुलीला हे कळल्यावर तिचा चेहरा बदलतो, कारण तोपर्यंत तिला वाटत असतं की आता सगळं संपलं.

एक गोष्ट कृपा करून टाळा, "मुळात फोटो पाठवलासच का?" हे वाक्य. ते तिला आधीच माहीत आहे.

चौथा तास: नकार पचवणं

मुलींना नाही म्हणायला शिकवणारे कार्यक्रम ढीगभर आहेत. नाही ऐकायला शिकवणारे फार कमी. हा तास मुलांचा वेगळा घेतो, पीटीचे सर घेतात, वर्गात नाही, मैदानावर, फुटबॉल झाल्यावर. ही काही आमची अक्कल नाही, मुंबईत 'परिवर्तन' नावाच्या कार्यक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांकडून मुलांशी हेच बोलवून घेतलं होतं, कारण पोरं बाईंचं ऐकून घेतात आणि कोचचं मनावर घेतात. कोल्हापुरात तर तालमीचा वस्ताद किंवा पेठेतल्या टीमचा कोच काय म्हणतो त्याला वजन असतं. तुमच्या शाळेजवळ असा कुणी समजूतदार माणूस असेल तर त्याला आणा, आधी तासभर त्याच्याशी बसून बोला मात्र. आम्ही एकदा न बोलता एकाला आणलं आणि त्यांनी "आपल्या बहिणींचं रक्षण करा" वर अर्धा तास घेतला. मुलगी कुणाची तरी बहीण आहे म्हणून नीट वागायचं असेल तर नकार देणारीचं काय करायचं, हे त्यातून कळत नाही.

सर सुरुवात 'वहिनी' या शब्दापासून करतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्रुपमधल्या एकाला एखादी मुलगी आवडली की बाकीचे तिला वहिनी म्हणायला लागतात, तिला विचारलेलंही नसतं. ती रस्त्यानं चालली की "ए, वहिनी आली बघ". गंमत वाटते. पण सर विचारतात, तिनं नाही म्हटलं तर आता फक्त त्याला नाही म्हटलं का? नाही, सगळ्या ग्रुपला नाही म्हटलं. मग त्याची इज्जत गेली, मग भावासाठी पोरं तिच्या मागं गाडी घालणार, तिच्या क्लासबाहेर उभी राहणार. एकट्या मुलानं कदाचित दोन दिवस रडून विसरलं असतं. त्याला विसरू देत नाहीत ते मित्र.

मग सराव. दोघंदोघं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं नाही म्हणायचं, आणि विचारणाऱ्यानं पुढच्या दहा सेकंदांत काय बोलायचं ते बोलून दाखवायचं. पहिल्या फेरीत सगळे हसतात. दुसऱ्या फेरीत कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही, कारण त्यांच्याकडं ते वाक्यच नसतं! हिरोला नाही म्हटलं की तो आणखी मागं लागतो एवढंच बघितलेलं. शेवटी पोरांनीच काढलेलं वाक्य आम्ही ठेवलं: "बरं, समजलं. सांगितलंस ते बरं केलंस." आणि वळून चालायला लागायचं. वळून चालण्याचाही सराव करून घेतात सर, मान खाली न घालता.

मित्राचं वाक्यही ठरवलंय. "भावा, ती नाही म्हटली, विषय संपला, चल मिसळ खाऊया." खरंच एवढंच. त्या संध्याकाळी त्याला एकटं सोडायचं नाही, त्याचा फोन जरा आपल्याकडं ठेवायचा, रात्री अकरानंतरचे मेसेज सगळ्यात घाण असतात.

कायदा शेवटी सांगायचा, थोडक्यात. मुलीनं स्पष्ट नको म्हटल्यावरही पाठलाग करणं, मेसेज करत राहणं, ती नेटवर काय करते त्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, परत केला तर पाच. करणारा १८ च्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. पोलिसांच्या निर्भया पथकाच्या ताईंना बोलवायचं असेल तर या तासानंतर बोलवा, आधी नको. आधी बोलावलं की पोरं गणवेश बघून गप्प होतात आणि पुढचे सगळे तास गप्पच राहतात.

पाचवा तास: बाकावरची मैत्रीण

माझ्या मते याच तासासाठी बाकीचे चार. समजा तुझी मैत्रीण हाताला ओढणी गुंडाळून येते, डबा खात नाही, तुमच्यात बसायची बंद झालीय. तू काय म्हणशील? पोरींची पहिली उत्तरं: सोड त्याला. वेडी हैस का? मी जाऊन त्याला झापते. आईला सांगते बघ तुझ्या.

चारही उत्तरं मायेपोटीच आलेली, पण चारहींनी ती मैत्रीण उद्यापासून हिच्याशी बोलायची थांबते. सोड म्हटलं की तिला त्याची बाजू घ्यावी लागते. त्याला झापलं की संध्याकाळी मार त्या मैत्रिणीलाच बसतो. म्हणून आम्ही तीन वाक्यं पाठ करून घेतो, अगदी पाढ्यासारखी. "मला तुझी काळजी वाटते, कारण मी हे हे बघितलं." "यात तुझी चूक नाही." "तुला काय करावंसं वाटतंय, मी सोबत येते." आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, त्याचा वेगळा सराव घ्या, घड्याळ लावून एक मिनिट.

ती त्याच्याकडं परत गेली तरी राग धरायचा नाही. दोनदा, तीनदा जाते. मैत्रिणी कंटाळून तुटल्या की त्याचं काम सोपं होतं, तोडायचं तर त्याला होतंच.

सोडायचं ठरवलं असेल तर तो काळ जास्त जोखमीचा असतो, हे नीट सांगा, कारण सगळ्यांना वाटतं ब्रेकअप झाला की सुटलं. शेवटचं भेटून बोलूया असं म्हणून पन्हाळ्याला किंवा कुठल्या आडबाजूला एकटीनं जायचं नाही, मेसेजवर सांगितलं तरी चालतं, त्यात काही भित्रेपणा नाही. पुढचे काही आठवडे क्लासला जायची वाट बदलायची, केएमटीच्या बसला सोबत कुणीतरी, पासवर्ड सगळे बदलायचे, लोकेशन बंद, आणि एक तरी मोठं माणूस ठरवून ठेवायचं ज्याला सगळं माहीत आहे. आई-बाबा नसतील तर मावशी, आत्या, शेजारच्या काकू, क्लासच्या टीचर. त्या माणसाचं नाव प्रत्येकीनं आणि प्रत्येकानं वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, प्रेमात असो नसो. बरेच जण बराच वेळ पेन हातात धरून बसतात. ते बघवत नाही, पण ते कळणंही गरजेचं आहे, त्या पोरांकडं पुढं लक्ष ठेवता येतं.

मोठं माणूस कुणीच सुचलं नाही तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाईन, दिवसरात्र चालू. तातडीचं असेल तर ११२.

आणि खरंच कुणी येऊन सांगितलं तर

दार उघडं, पण आवाज बाहेर जाणार नाही अशी जागा. ऐकायचं. तिच्याच शब्दांत थोडं लिहून ठेवायचं, तारीख टाकून. का गेलीस, किती वाजता गेलीस अशी उलटतपासणी करायची नाही, ते तुमचं काम नाही आणि त्यानं पुढं तिच्या जबाबाचा घोळ होतो.

दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा नाही. मी आधी ज्या शाळेत होते तिथं हे केलं होतं, दोघांना केबिनमध्ये बोलावलं, त्याला सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवायला लावले आणि विषय मिटला म्हणून सांगितलं. त्या मुलीनं पुढच्या सोमवारपासून शाळा सोडली. बरोबरीच्या दोघांचं भांडण असेल तर समेट ठीक, इथं एक घाबरलेलं असतं, ते घाबरलेलं माणूस केबिनमध्ये खरं बोलणार कसं?

लैंगिक जबरदस्तीचं काही असेल तर मुख्याध्यापकांना सांगून स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाकडं कळवायचं. तिला आधी समजावून सांगा म्हणजे भीती कमी होते: जबाब पोलीस ठाण्यातच द्यावा लागतो असं नाही, घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घेतात, घेणारी शक्यतो महिला अधिकारी असते आणि जबाब घेताना गणवेशात नसते, तिचं नाव छापता येत नाही. पोलिसांना २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं. वकिलाचा खर्च झेपणार नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत मदत मिळते. पालकांना कळवायचं असतंच, पण कसं आणि आधी कुणाला, ते तिला विचारून ठरवा, आणि घरातूनच धोका आहे असं ती म्हणाली तर तेही बालकल्याण समितीला सांगा.

मारणाऱ्या मुलालाही वाऱ्यावर सोडू नका. दाखला हातात देऊन काढून टाकलं की तो पलीकडच्या शाळेत जातो, तिथंही मुली आहेतच. त्याच्यासाठी समुपदेशक बघा, आणि घरी काय चालतं ते बघा, पुष्कळदा तो जे करतो ते त्यानं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलेलं असतं.

फरक पडला का हे बघायला आम्ही पहिल्या तासातली सहा वाक्यं पाचव्या तासानंतर परत देतो, बिननावाच्या कागदावर, काळजी की ताबा एवढंच लिहायचं. पासवर्डचं वाक्य बऱ्यापैकी सरकतं. ड्रेसचं वाक्य मुलांच्या बाजूनं अजून हट्टी आहे, त्यावर यंदा काहीतरी नवीन करायला लागणार.

डब्यात या वर्षीची शेवटची चिठ्ठी दहावीच्या एका मुलाची होती, अक्षरावरून ओळखलं पण ओळख दाखवली नाही. "मी त्या पोरीला वहिनी म्हणायचं बंद केलो आणि त्याला पण सांगितलो. आता तो माझ्याशी बोलत न्हाई, ग्रुपमधून काढलाय. आता मी काय करू?" मी ती सरांना दाखवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुटबॉलला बाजू पाडताना सरांनी त्या मुलाला कॅप्टन केलं आणि पहिला खेळाडू निवडायला सांगितलं. त्यानं त्याच मित्राचं नाव घेतलं. तो आला, पण बोलला काही नाही. बघू या आठवड्यात.